सेट, सासरे आणि डिंकाची बाटली

मी बावीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली आहेत. कुठलाही कागद मागा, तीन मिनिटांत हातात ठेवतो. साहेब येतात, साहेब बदलून जातात, पण "फाइल सापडत नाही" हे वाक्य माझ्या खोलीत उभं राहून अजून कुणाला म्हणता आलेलं नाही. ही बढाई नाही. पुढे माझी जी काही शोभा झाली ती ऐकण्याआधी, हा माणूस अगदीच बिनकामाचा नाही, एवढं आपल्या कानावर असावं म्हणून सांगतोय.

माझे सासरे खिळेजुळारी होते. म्हणजे छापखान्यात शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे खिळा, उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, आणि पान छापून झालं की तीच अक्षरं पुन्हा आपापल्या जागी टाकायची. हे काम त्यांनी एकेचाळीस वर्षं केलं. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने प्रत्येकाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. सासऱ्यांनी घड्याळ परत केलं आणि इंग्रजी खिळ्यांची एक रिकामी केस मागून घेतली. केस म्हणजे दोन हात रुंद, उथळ लाकडी ट्रे, त्यात लहानमोठे खण. खणाला ते 'घर' म्हणतात. ही घरं एबीसीडीप्रमाणे नसतात बरं का! जे अक्षर जास्त लागतं त्याचं घर मोठं आणि मधोमध, हाताखाली. जे क्वचित लागतं ते बिचारं कडेच्या चिंचोळ्या घरात. कंपोजिटर घरांकडे बघत नाही, त्याचे डोळे मजकुरावर असतात आणि हात आपोआप जातो.

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, केस काखोटीला मारून. घर माझं, पण ते वागायचे असे की जणू काल संध्याकाळी आलेत आणि उद्या सकाळी निघणार. "जावईबापू, पंखा लावला तर चालेल का?" "जावईबापू, वर्तमानपत्र तुमचं वाचून झालं असेल तर घेतो." लग्नाला चौदा वर्षं झाली तरी हे असंच. बायको म्हणायची, "बाबा, अहो तो तुमचा जावई आहे, कलेक्टर नाही." त्यावर ते नुसते हसायचे. खोटं कशाला बोलू, मलाही कलेक्टर असल्यासारखं वाटून घ्यायला आवडायचं.

आता मुख्य गोष्ट. सासरे सातवी पास. इंग्रजी शिकले ते खिळे जुळवता जुळवता, तेही उलट्या अक्षरांतून. एक दिवस त्यांनी सकाळी डॉक्टरांचं पुस्तक जुळवलं, त्यात हाड बसवण्याला 'सेट' होतं. दुपारी बांधकामाचं पुस्तक आलं, त्यात सिमेंट घट्ट होण्याला 'सेट'. संध्याकाळी कुणाची तरी कविता, त्यात सूर्य मावळला तोही 'सेट'. आणि वर फोरमन ओरडत होता, हे आजच्या आज सेट झालं पाहिजे! सासरे म्हणायचे, "मी म्हटलं, हा कोण गडी आहे? एवढासा जीव आणि सगळ्यांच्या घरी कामाला! याची चौकशी केलीच पाहिजे."

ती चौकशी बारा वर्षं चालली. वाचनालयातला जाड इंग्रजी कोश घरी नेता येत नाही, म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हा माणूस तिथे जाऊन बसायचा. त्या कोशात या शब्दाची पानंच्या पानं आहेत. एकेका अर्थाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर मराठीत एक वाक्य. 'घड्याळ लावलं.' 'सापळा लावला.' 'टेबल मांडलं.' 'करवतीचे दात एकाआड एक वाकवले.' अशा दोनशे बारा चिठ्ठ्या, घड्या घालून त्या केसमध्ये, घराघरांत. मी त्याकडे पाहायचो आणि मला रेकॉर्ड रूममधले उंदीर आठवायचे.

एका मंगळवारी वाचनालयाच्या चिटणिसांनी त्यांना विचारलं, "आजोबा, बारा वर्षं एकच पान काय वाचता?" सासऱ्यांनी सांगितलं. चिटणीस नियमांचा माणूस असला तरी मनाने वाईट नाही. त्यांनी महिन्याच्या शेवटच्या रविवारचं व्याख्यान सासऱ्यांना देऊन टाकलं.

त्या दिवशी सासरे घरी आले ते चपला घालूनच स्वयंपाकघरात गेले. मुलीला म्हणाले, "एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांचं म्हणणं जुळवलं. आता एकदा माझं म्हणणं मांडतो. एकदाच. मग काही राहिलं नाही." बायकोने पदराने डोळे पुसले. मी दारात उभा होतो. आणि तिथेच, भावनेच्या भरात, मी म्हणालो, "बाबा, बाकीचं सगळं माझ्यावर सोडा."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

वाचनालयाचा फॉर्म आला. त्यात 'वक्त्याची शैक्षणिक पात्रता' असा रकाना. मी लिहिलं, 'इंग्रजी भाषेचे ज्येष्ठ अभ्यासक'. मी ते वाचून दाखवलं, तसं सासऱ्यांनी ते खोडायला लावून 'खिळेजुळारी' लिहायला सांगितलं. खाडाखोड झालेला फॉर्म चालत नाही म्हणून तो परत आला. दुसऱ्या फॉर्मवर फोटो उलट चिकटला म्हणून तोही परत आला. तिसऱ्याबरोबर सूचना आली की भाषणाचा मजकूर क्रमवार लावून, तीन प्रतींत, आठ दिवस आधी सादर करावा.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. इंग्रजीचेच. मी त्यांचा सल्ला घ्यायला गेलो. म्हणजे खरं तर कपडे वाळत घालायची दोरी मागायला गेलो होतो, पण त्यांच्याकडून सल्ल्याशिवाय दोरीही मिळत नाही. "हे पाहा," ते म्हणाले, "विद्वत्ता म्हणजे क्रम. तुमच्या सासऱ्यांकडे माहिती आहे, क्रम नाही. अकारविल्हे लावा, क्रमांक घाला, पानांवर चिकटवा. आणि सभेचं प्रास्ताविक मी करीन, घाबरू नका." मी घाबरलो नव्हतो, पण क्रम हा शब्द ऐकून माझे हात शिवशिवायला लागले होते.

गुरुवारी बायको बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. म्हणाली, तीन तास तरी लागतील. मी रजा टाकली होती. दार लावून घेतलं, केस टेबलावर घेतली, डिंकाची मोठी बाटली उघडली आणि कामाला लागलो. काय सांगू तुम्हाला! प्रत्येक चिठ्ठी सरळ केली, अक्षरवारी लावली, कोऱ्या पानांवर चिकटवली, वर लाल शाईने क्रमांक घातले, छिद्रं पाडली, निळी फीत ओवली. 'करवतीचे दात' क-मध्ये, 'सूर्य मावळला' स-मध्ये, सगळे कसे शिस्तीत. शेवटी केस ओल्या फडक्याने पुसून काढली. बावीस वर्षांत इतकी देखणी फाइल माझ्या हातून झाली नव्हती. मी तिच्याकडे दोन पावलं मागे सरकून पाहिलंसुद्धा.

दोघं परत आले. बायकोचा चेहरा उतरलेला होता, पण मी माझ्याच आनंदात. फाइल सासऱ्यांच्या हातात दिली. "बाबा, बघा."

ते खुर्चीत बसले. फाइल मांडीवर ठेवून त्यांनी पानांवरून बोटं फिरवली, जशी अंधारात भिंत चाचपावी. मग उठले, केसपाशी गेले, मधल्या मोठ्या घरात हात घातला. रिकामं. शेजारचं, रिकामं.

बायको मला आत घेऊन गेली. "अरे, डॉक्टर म्हणाले, गेलं वर्षभर तरी बाबांना छापलेलं वाचता येत नसणार. त्यांनी आपल्याला कळूच दिलं नाही. ते वाचत नाहीत रे, हात घालतात. ज्या घरात हात, तिथली चिठ्ठी त्यांना पाठ असते. भाषण असंच करणार होते ते, मधल्या घरापासून सुरू करून कडेपर्यंत. आणि तू काय केलंस? चिकटवलंस?"

मी खाली बसलो. बावीस वर्षांत प्रथमच एक फाइल सापडत नव्हती, आणि ती मीच लावली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की डिंकाची बाटली हातात तशीच राहिली आणि बोटं तिला चिकटली.

बाहेर आलो. मला वाटलं आता रागावतील, निदान सूटकेस तरी भरतील. सासरे खुर्चीत सरळ बसले होते. म्हणाले, "जावईबापू, छापखान्यात कधी जुळवलेलं पान हातातून सांडायचं. आमचा फोरमन चिडखोर होता, पण त्याचा एक दंडक होता. सांडलेलं आधी उचलायचं. कुणी सांडलं ते नंतर विचारायचं."

"आणि नंतर विचारायचा?"

"उचलून होईपर्यंत सुटी व्हायची," ते म्हणाले.

मग आम्ही उचललं. शुक्रवार, शनिवार, पुढचा अख्खा आठवडा, कचेरीतून आलो की तेच. मी ओल्या कापसाने चिठ्ठी सोडवायची, वाचायची, आणि ते डोळे मिटून सांगायचे. "खालची रांग, डावीकडून तिसरं." "मधल्याच्या उजव्या अंगाला." एकदाही अडखळले नाहीत. मी एकदा मुद्दाम आधीचीच चिठ्ठी पुन्हा वाचली. "ती ठेवलीत की मघाशी," ते म्हणाले, "दमलात का?" मी मान खाली घातली. दोनशे बारा अर्थ, प्रत्येकाचा शेजार, कुणातून कोण निघालं, सगळं त्या पांढऱ्या डोक्यात. आणि मी त्या डोक्याला क्रम शिकवायला निघालो होतो! आमच्या खात्यात सात मजल्यांच्या रेकॉर्डला एवढी अक्कल नाही, हे मी आज जाहीरपणे सांगतो.

चौथ्या दिवसापर्यंत काही घरं मलाही यायला लागली. मी हात पुढे करायचो आणि ते नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी मी कचेरीतून धावत यायचो.

मोजल्या तर चिठ्ठ्या दोनशे अकरा भरल्या. एक मिळेना. टेबलाखाली, कपाटामागे, कचऱ्यात, सगळीकडे शोधलं. "असू दे," सासरे म्हणाले, पण दिवसभरात तीन वेळा त्यांचा हात मधल्या घरात गेलेला मी पाहिला.

रविवार उजाडला. भाषणाचा मजकूर तीन प्रतींत गेलाच नव्हता, पण चिटणिसांनी "विशेष बाब" असा शेरा मारून ते निभावून नेलं. सासरे नवा सदरा घालून बायकोबरोबर पुढे गेले. मी मागून केस घेऊन निघालो. उथळ ट्रे, झाकण नाही, वर एक चादर. रस्त्याने मी असा चाललो की लोक आपोआप बाजूला होत होते.

वाचनालयाच्या सभागृहात तीसेक माणसं होती. मंचावर आमचे प्राध्यापक प्रास्ताविक करत होते, आणि वीस मिनिटं होऊनही अजून स्वतःच्या पहिल्या नोकरीपाशीच होते. मी दारातून आत पाऊल टाकणार एवढ्यात चिटणीस आडवे आले.

"हे काय आहे?"

"बाबांची केस."

"लाकडी सामान. आवक-जावक वहीत नोंद लागेल. नियम आहे." त्यांनी वही पुढे केली. "लाकडी ट्रे, नग एक. इथे सही."

"हातात ट्रे आहे हो माझ्या."

"एका हाताने करा. सही छोटी चालेल."

नोंदवहीसमोर मी कधी माघार घेतलेली नाही. एक गुडघा उचलला, त्यावर केस टेकवली, उजव्या हाताने पेन धरलं. सहीचं पहिलं अक्षर उमटलं. दुसऱ्या अक्षराला गुडघा हलला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आधी चादर गेली. मग केसने एक कोलांटी घेतली. आणि छताला सहा पंखे होते, सहाही चालू. दोनशे अकरा चिठ्ठ्या सभागृहभर उडाल्या. लोकांच्या मांडीवर, खुर्च्यांखाली, खिडकीच्या गजांत. एक प्राध्यापकांच्या डोक्यावर अलगद बसली आणि त्यांना ते कळलं नाही, ते बोलतच राहिले.

मी दारात एका पायावर उभा होतो. तसाच राहिलो. कुणीतरी हसलं. चिटणीस म्हणाले, "अशा परिस्थितीत व्याख्यान तहकूब करण्याची तरतूद आहे." प्राध्यापकांनी लगेच सांगितलं की वेळ भरून काढायला ते स्वतः तयार आहेत. मी बायकोकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं असतं तर मी तिथेच संपलो असतो.

तेवढ्यात सासरे मंचावर उठून उभे राहिले. "काय सांडलं?" त्यांनी विचारलं.

"सगळं, बाबा," मी म्हणालो. 

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग ज्या आवाजात छापखान्यात बोलत असतील त्या आवाजात म्हणाले, "पंखे बंद करा. ज्याच्या जवळ जी चिठ्ठी असेल ती त्याने उचलावी. जावईबापू, केस इथे टेबलावर आणा. आता एकेकाने वाचा. मोठ्याने."

पहिल्या रांगेतल्या बाईंनी वाचलं, "हाडवैद्याने मोडलेला हात बसवला."

सासऱ्यांनी ती घेतली, न बघता हात गेला, घर मिळालं. "हा आपल्या गड्याचा मूळ धंदा," ते म्हणाले. "बसवणं. इंग्रजीत बसण्याचा एक शब्द आहे, त्याचाच हा भाऊ. तो स्वतः बसतो, हा दुसऱ्याला बसवतो. पुढचं?"

मागून एकाने वाचलं, "करवतीचे दात एकाआड एक वाकवले," आणि स्वतःच ओरडला, "अहो, हे तर मी रोज करतो!" तो वाचनालयाची कपाटं दुरुस्त करणारा सुतार होता. सासऱ्यांनी त्याला पुढे बोलावलं. दात का वाकवतात ते त्याने हात करून दाखवलं, आणि सासरे असे ऐकत राहिले की जणू वक्ता तोच आहे. मग त्याच्याच हाताने ती चिठ्ठी कडेच्या घरात ठेवायला लावली.

आणि मग थांबायचं नावच नाही. "घड्याळ लावलं." "जेली घट्ट झाली." "वाऱ्याचा रोख पूर्वेकडे आहे." लोक हात वर करत होते, माझी घ्या, माझी घ्या. सासरे प्रत्येकाची घेत होते, घर देत होते, शेजारी कोण राहतं ते सांगत होते. प्राध्यापकांच्या डोक्यावरची चिठ्ठी चिटणिसांनी स्वतः काढून वाचली. 'आपल्या भाषेतला चुलत भाऊ' असं तिच्यावर लिहिलं होतं.

"वा," सासरे म्हणाले, "ही नेमकी तुमच्याच हाती आली. चिटणीससाहेब, तुमच्या वहीत आम्हाला काय म्हणतात?"

"सभासद."

"सभासद म्हणजे सभेत बसणारा. त्यातला 'सद', सदनातला 'सद', आणि हा इंग्रजांचा सेट, फार फार मागे गेलं तर एकाच मुळाचे. म्हणजे बारा वर्षं मी या माणसाकडे परका म्हणून बघत होतो, आणि तो निघाला नात्यातला."

चिटणीस आवक-जावक वही छातीशी धरून उभे होते. ती त्यांनी हळूच खुर्चीवर ठेवली आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच. प्राध्यापकांनीही वाजवल्या, आणि नंतर मला म्हणाले, "मी चाळीस वर्षं शिकवलं हो, पण एकाही वर्गाने माझ्याकडे असे हात वर केले नाहीत." ते मनापासून म्हणाले. मला त्या क्षणी तेसुद्धा आवडले. मी तर रडत होतो, उघड उघड, रुमाल न शोधता. हा माझा सासरा आहे, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण ते सगळ्यांना माहीत होतं, कारण ट्रे सांडणारा त्यांचा जावई कोण हेही माहीत होतं.

सोमवारी सकाळी ती उरलेली चिठ्ठी सापडली. माझ्या त्या देखण्या फाइलच्या पुठ्ठ्याला, आतल्या बाजूने, डिंकाने घट्ट. मी ती वाफेवर धरून सोडवली आणि सासऱ्यांपुढे उभा राहिलो. ते केसवरून हात फिरवत बसले होते.

"वाचा," ते म्हणाले.

"'कपबशांचा सेट फुटला.'"

"हां. हीच. कुठे जाईल ही?"

त्यांनी मला प्रथमच विचारलं होतं. मी विचार केला. आठवडाभर ऐकलं होतं की वरच्या कोपऱ्यातल्या दोन घरांत बाहेरून आलेले अर्थ आहेत. कपबशा, दागिने, एकत्र जोडीने असणाऱ्या वस्तू, हा अर्थ मुळातल्या बसवण्यातला नव्हे. तो लॅटिनातून निघून फ्रेंचांच्या घरून आलेला, 'मागोमाग येणारे' असा. मी आत्मविश्वासाने कोपऱ्यातल्या घराकडे हात नेला.

सासऱ्यांनी माझं मनगट धरलं.

"आला तिकडूनच," ते म्हणाले. "बरोबर आहे. पण इथे इतका राहिला, इतका मिसळला, की घरचा कोण आणि बाहेरून आलेला कोण, हे आता पंडितांनाही धड सांगता येत नाही. आणि आपल्याकडे बघ ना, चार घरी विचारलं तर सेट म्हणजे काय? कपबशा! त्याला कोपऱ्यात काय ठेवतोस, वेड्या. मधल्या घरात ठेव."

मी मधल्या घरात ठेवली. बायको दारात चहा घेऊन उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं, कारण तिनेही ऐकलं होतं. चौदा वर्षांत ते मला पहिल्यांदा तसं बोलले होते.

"आणि पंखा लाव रे जरा," सासरे म्हणाले, "उकडतंय."

मी आधी केसवर चादर घातली, चारही कोपरे नीट खोचले, आणि मगच पंखा लावला.